पडद्यावरचे उलटे खिळे

मी चौथी पास. भूत, पिशाच्च, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. आमच्या गल्लीत एका बाईच्या अंगात यायचं, ते नेमकं नळावर पाणी भरायच्या वेळेला. तिची बादली पहिली भरली की उतरायचं. तेव्हापासून तर अजिबातच नाही. देवापुढे दिवा लावते, तोही सवयीने.

नात म्हणाली, आजी, इथे लोक असले अनुभव लिहितात, तुझा तो फॉन्टचा लिही. म्हटलं, लोक हसतील. म्हणाली, हसू देत. तेव्हा मी बोलते आहे आणि ती मोबाईलवर लिहिते आहे. जे झालं तेवढंच सांगते.

आम्ही ग्वाल्हेरचे. शहरातल्या लश्कर भागात, दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. सासऱ्यांपर्यंत घरात फौजेची नोकरी होती. आमचे हे मात्र छापखान्यात खिळे जुळवायचे. खिळा म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, उलटं ओतलेलं. ते उचलून पट्टीत लावायचं, ओळ भरायची, पान बांधायचं. वर शाई फिरवून कागद दाबला की अक्षर सुलटं उमटतं. हे काम घरीही आणायचे. वापरलेले खिळे परत ज्याच्या त्याच्या खणात टाकणं माझ्याकडे असायचं, त्यामुळे उलटं वाचायची मला सवय झाली. त्यात हुशारी काही नाही. पोळ्या लाटता येतात तसं ते.

यांची एक रीत होती. काम कुठलंही असो, लग्नपत्रिका की साबणाची जाहिरात, पट्टीत पहिला खिळा 'श्री'चा. मग मजकूर. आणि छापायच्या आधी तो श्री काढून ठेवायचा. हा श्रीचा खिळा एकच होता, जाड, वेलांटीचं टोक तुटलेला. सगळ्या कामांना तोच.

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. राजधानी भोपाळला गेली आणि इथली दफ्तरं, म्हणजे सरकारी कचेऱ्या, एकेक करून तिकडे निघाली. हे ज्या छापखान्यात होते तोही निघाला. माझी सासू तेव्हा जागेवरून उठत नव्हती. यांनी अर्ज केला की मला इथेच ठेवा. हाताने लिहिलेलं कोण वाचतो, म्हणून अर्ज स्वतःच जुळवला, स्वतःच छापला. आणि घाईत श्री काढायचा राहिला. संस्थानाच्या दिवसांत कागदाच्या माथ्यावर श्री असला तर कुणी काही म्हणत नसे. नवा साहेब बाहेरचा होता. त्याने श्रीभोवती लाल पेन्सिलीने गोल केला, "अब ये सब नहीं चलेगा," म्हणाला आणि अर्ज परत केला.

श्रीमुळे परत केला की तसाही करणार होता, कोण जाणे. पण यांच्या मनाने ते धरलं ते धरलंच. भोपाळला गेले नाहीत. नोकरी सुटली. बाजारातल्या एका लहानशा छापखान्यात जन्म काढला. पण त्यानंतर श्री काढायला एकदाही विसरले नाहीत. काढायचे, कपाळाला लावायचे आणि मला दाखवायचे, "हा बघ. काढला."

हे गेल्यावर घरातले खिळे मी भंगारात दिले. ठेवून काय करायचं होतं? तो एक श्री तेवढा कुंकवाच्या जुन्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवला. दसऱ्याला आमच्यात शस्त्रं पूजतात. सासऱ्यांच्या तलवारीशेजारी तो खिळा मांडायचा, दोघांना हळदकुंकू लावायचं, परत ठेवून द्यायचं. एवढंच.

आता मुख्य गोष्ट.

छत्तीसगड वेगळं झालं त्या वर्षीची. राज्य तुटलं तशी सरकारी माणसंही वाटली गेली, भांडी वाटतात तशी. ही इकडे, ती तिकडे. माझी सून मंदा एका सरकारी दफ्तरात क्लार्क होती. तिचं नाव रायपूरच्या वाट्याला आलं.

माझा मुलगा वसंता त्याच्या आधी विजेच्या खांबावरून पडला होता. कमरेखालचं अंग गेलेलं. त्याची कूस बदलायला दोन माणसं लागायची. मला एकटीला ते होत नव्हतं, साठी ओलांडली होती. कूस बदलली नाही की पाठीला जखम, जखम चिघळली की ताप. डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "माँजी, ये बिस्तर के घाव से जाते हैं, चोट से नहीं." त्याला रायपूरला न्या, असं सांगणारेही होते. सांगायला काय जातं?

म्हणजे मंदा इथे राहिली तर वसंता राहणार, एवढा सरळ हिशेब होता.

भोपाळहून एक साहेब लोकांच्या तक्रारी ऐकायला एका दिवसासाठी ग्वाल्हेरला आले होते. पाचपर्यंत कागद घेणार आणि परत जाणार. मंदाच्या दफ्तरातले मोठे साहेब भले. त्यांनी तिच्यासाठी शिफारस तयार केली. बसून, नियम बघून, कुठल्या आदेशाचा कुठला नंबर ते सगळं घालून स्वतः कम्प्युटरवर टाइप करवून घेतली. पण वाटणीत त्यांचा प्रिंटर खोक्यात बंद झालेला आणि त्यांना दुपारच्या आधीच्या गाडीने निघायचं. तेव्हा त्यांनी दफ्तराच्या छापील शीर्षकाचे दोन कोरे कागद घेतले, खाली सही केली, शिक्का मारला. मंदाला म्हणाले, "बाहर कहीं से छपवा लेना." फ्लॉपी दिली आणि गेले. सरकारी माणसं हे असं करतात. चूक की बरोबर ते मला विचारू नका, पण त्या दिवशी तरी आमच्यासाठीच केलं.

वसंतापाशी शेजारणीला बसवलं आणि मी मंदाबरोबर निघाले, कारण ती फार घाबरली होती. गोरखीच्या जुन्या वाड्यासमोर शर्माजींचं टायपिंगचं दुकान होतं. आधी टाइपरायटर होते, मग एक कम्प्युटर घेतला. पन्नाशीचा माणूस, कामाला चोख. त्यांनी फ्लॉपी घातली, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरची खूण... नुसता कचरा.

मंदा म्हणाली, "पडद्यावर असंच दिसतं कधी कधी, छापल्यावर ठीक येतं. छापा!"

"बेटी, रुको ज़रा—"

"टाइम नहीं है भाईसाब!"

आणि तिने सहीचा एक कागद स्वतःच प्रिंटरमध्ये सरकवला. कचराच छापून आला. सही, शिक्का आणि मध्ये कचरा. मंदा रडायला लागली. मी उरलेला एक कागद तिच्या हातातून काढून घेतला, माझ्या पिशवीत घातला, पिशवी मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "आता याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. रडणं घरी गेल्यावर."

शर्माजींनी समजावलं. हिंदी ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं, तो फॉन्ट त्यांच्या मशीनमध्ये नव्हता. मग मशीन आपल्या मनाने दुसरा लावतं. वर एका पट्टीत त्या फॉन्टचं नाव दिसत होतं, ते त्यांनी बोटाने दाखवलं.

"नाव तर आहे की हो," मी म्हटलं.

"नाम ही है, अम्माजी. वो खुद नहीं है. फाइल को याद है कि कौन था, बस."

मला आमच्या दारावरची पाटी आठवली. यांच्या नावाची आहे अजून. पोस्टमन तेच वाचून पत्र टाकतो.

शर्माजींनी त्यांच्याकडचे फॉन्ट एकामागून एक लावून पाहिले. एकाने अर्धी अक्षरं जागेवर आली, अर्धी नाही. आकडे तर सगळे चुकले. आणि आकडे चुकले म्हणजे आदेशाचे नंबर चुकले. पाठ कुणालाच नव्हते. साहेब गाडीत. मंदाच्या दफ्तरातला एक जण हजीऱ्याला राहायचा, त्याच्या घरी कम्प्युटर होता. त्याच्याकडे तो फॉन्ट असेल म्हणून मंदा टेम्पो पकडून तिकडे पळाली. थोड्या वेळाने शर्माजीही उठले. मागच्या गल्लीत त्यांच्या साडूचं दुकान, तिथे बघून येतो म्हणाले. "अम्माजी, बैठिए. किसी को मशीन छूने मत देना."

मी एकटी बसले. ऊन चांगलं होतं. समोर शाळेची मुलं सुटली होती, शेंगदाण्याची गाडी उभी होती. अंधार नाही, वारा नाही, कुत्रं रडत नव्हतं. हे मुद्दाम सांगते.

टक्... असा आवाज आला.

मला वाटलं पाल. परत टक्. मग टक्, टक्, थांबून टक्. मी कीबोर्डकडे पाहिलं, तिथे काही हलत नव्हतं. आवाज सुरू राहिला आणि मला तो ओळखू आला. शिशाचा खिळा पट्टीत पडतो तेव्हा असा वाजतो. शब्द संपला की जरा थांबतो, कारण हात दोन शब्दांमध्ये टाकायच्या रिकाम्या खिळ्याच्या खणाकडे जातो. आणि ओळ भरली की अंगठ्याने दाबून बसवतात, तेव्हा एक जड आवाज येतो. तो जड आवाज आला तेव्हा मी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. इतकी वर्षं स्वयंपाक करताना पाठीमागे मी तो ऐकला होता. तो चुकायचा नाही.

पडद्यावर पहिली ओळ बदललेली होती.

कचरा गेला होता. तिथे अक्षरं होती, काळीभोर, आणि उलटी. उजवीकडून डावीकडे जाणारी, आरशात दिसतात तशी. सगळ्यात वर, मधोमध, उलटा श्री. वेलांटीचं टोक तुटलेला.

उठून बाहेर पळावं असं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मांडीवर तो कागद होता. तो घेऊन पळाले असते तर कुठे? मी बसून राहिले. एकेक ओळ जुळत गेली, एकेक ओळ कचऱ्यातून बाहेर आली. मी वाचत गेले. शिफारस होती. मंदाचं नाव, वसंताचा अपघात, आदेशांचे नंबर. शेवटच्या ओळीनंतर आवाज थांबला.

शर्माजी रिकाम्या हाताने परत आले. पडदा पाहून दारातच थांबले.

"अम्माजी, आपने कुछ दबाया?"

"मैं क्या दबाऊँगी? मुझे तो पंखे का बटन भी ढूँढना पड़ता है."

"ये तो और बिगड़ गया... शीशे जैसा उलटा कैसे हो गया?" त्यांनी खुर्ची ओढली. "इसको बंद करके फिर से खोलता हूँ."

"बंद मत करना!"

मी इतक्या जोरात ओरडले की शेंगदाणेवाला वळून बघायला लागला. मग मी शर्माजींना पडद्यावरून वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. ते बोट ठेवून उलटी अक्षरं माझ्याबरोबर जुळवत गेले. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मज़मून तो सही लगता है." मग हळूच, "पर फॉन्ट तो मेरे पास है ही नहीं."

त्यांनी आधी साध्या कागदावर छापून पाहिलं. कागद कोरा आला. पुन्हा घातला. पुन्हा कोरा. तेवढ्यात वरचा बल्ब मिणमिणला, परत उजळला. ग्वाल्हेरमध्ये तेव्हा वीज जायच्या आधी असंच करायची.

"लाइट जाने वाली है, अम्मा. बॅटरी मेरी खराब पड़ी है. गई तो सब गया."

मी पिशवीतून सहीचा कागद काढला.

"अम्मा, ये आखिरी है!"

"तो? कोरा निकला तो कागज़ सही सलामत रहेगा. लगाओ."

"और उलटा छपा तो?"

खिळा उलटाच असतो, कागदावर सुलटा होतो, हे मला माहीत होतं. पण ही काही छापखान्याची मशीन नव्हती. मी म्हटलं, "लगाओ, भैया." शर्माजींनी कागद लावला, बटन दाबलं. प्रिंटर रोजच्यासारखा वाजला नाही. एकच धप्प असा आवाज झाला, टेबल हललं, कागद बाहेर आला आणि वीज गेली.

अक्षरं सुलटी होती. ओळ न् ओळ सरळ, मजकूर बरोबर सहीच्या वर येऊन संपलेला. मी कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवलं. अक्षरं बोटाला लागत होती. खिळ्यांवर दाबलेल्या कागदाच्या पाठीला असे उंचवटे येतात. शर्माजींनीही बोट फिरवलं. त्यांनी हात मागे घेतला आणि पँटला पुसला.

मंदा धापा टाकत आली. हजीऱ्याचा माणूस घरी नव्हता. कागद पाहून तिला आधी आनंद झाला, मग तिचं लक्ष माथ्याकडे गेलं.

"आई, हा श्री कुठून आला? सरकारी कागदावर श्री? शर्माजी, व्हाइटनर आहे का?"

शर्माजींनी बाटली काढून दिली. मंदाने ब्रश बाहेर काढला. मी तिचं मनगट धरलं.

"आई, सोडा! एवढ्याशासाठी परत केला तर?"

एवढ्याशासाठी परत केलेला मी पाहिला होता. मंदाला ती गोष्ट माहीत नव्हती, ती लग्न होऊन आली तेव्हा हे नव्हते. क्षणभर मलाही वाटलं, पुसून टाकावा. पण मग मनात आलं, जो माणूस उरलेला जन्मभर एकदाही श्री काढायला विसरला नाही, तो आता विसरेल? राहिला असेल तर ठेवला आहे. विसरलेला नाही.

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "परत आला तर माझ्या नावाने बोंब मार. चल."

कचेरीत पोचलो तेव्हा साहेबांचा शिपाई दार लावायच्या बेतात होता. मंदाने आत पाय घातला, मागून मी. साहेब पांढऱ्या केसांचे, थकलेले. त्यांनी कागद घेतला आणि आधी माथाच पाहिला. श्रीवर त्यांची नजर अडकली. मंदाने माझा हात दाबला, इतका की बांगडी रुतली.

साहेबांनी कागद उलटा केला आणि पाठीवरून बोट फिरवलं. मी केलं होतं अगदी तसंच.

"ये किस प्रेस में छपवाया?"

"दुकान से, सर," मंदा म्हणाली. "कम्प्युटर से."

"कम्प्युटर से." ते हसले नाहीत. परत बोट फिरवलं. "आजकल श्री कौन लगाता है..."

मंदा म्हणाली, "सर, वो गलती से—"

"गलती से नहीं," मी म्हटलं. मंदाने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. "लगाया है."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कागद वाचला. पूर्ण वाचला, डॉक्टरचं सर्टिफिकेटही वाचलं. पेन काढलं. पेन श्रीकडे गेलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटले. त्यांनी श्रीच्या बरोबर खाली, रिकाम्या जागेत, दोन ओळी लिहिल्या आणि सही केली. मंदा ग्वाल्हेरलाच राहील, असा त्याचा अर्थ होता.

बाहेर येऊन मंदा पायरीवर बसली. मी म्हटलं, "ऊठ, त्याची कूस बदलायची वेळ झाली."

मंदा म्हणते, वसंताचं प्रकरण नियमातच बसत होतं, मिळालंच असतं. असेल. श्री म्हणजे कुठलं तरी बटन चुकून दाबलं गेलं असेल, असंही म्हणते. नातीने सांगितलं की प्रिंटरला उलटं छापायची सोय असते. असेल. पण पडद्यावर?

पुढे शर्माजींना तो फॉन्ट मिळाला. फ्लॉपी त्यांच्याकडेच राहिली होती, त्यांनी ती उघडून पाहिली आणि मुद्दाम घरी येऊन सांगून गेले. मजकूर अक्षर न् अक्षर तोच. "पर अम्माजी, फाइल में श्री है ही नहीं." चहा घेतला, पण पुन्हा तो विषय काढला नाही. तो कागद आता कुठल्या फायलीत आहे, भोपाळला की रायपूरला, कुणाला ठाऊक. आमच्याकडे झेरॉक्स आहे. तिच्यात श्री दिसतो, तुटलेल्या वेलांटीचा. पण झेरॉक्सच्या पाठीला काही लागत नाही. ती गुळगुळीत आहे, म्हणून ती कुणाला पुरावा म्हणून दाखवत नाही.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मंदा आणि मी मिळून वसंताची कूस बदलली. मग मी देव्हाऱ्यातली डबी उघडली. मला वाटलं होतं, खिळ्याला ओली शाई असेल. मी तेच बघायला गेले होते. शाई नव्हती. दसऱ्याला लावलेलं हळदकुंकू जसंच्या तसं, कोरडं, त्याला बोटही लागलेलं नव्हतं. म्हणजे हा खिळा त्या दिवशी डबीतून हलला नाही. मग कागदावर कुठला उमटला, ते मला आजही सांगता येत नाही.

वसंता त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. पाठीला जखम एकदाही झाली नाही. मंदा ग्वाल्हेरमधूनच रिटायर झाली. दसऱ्याला तो खिळा अजून तलवारीशेजारी मांडते. फरक एवढाच की आता हळदकुंकू लावून झालं की मी तो उचलते, दारावरच्या पाटीकडे धरते आणि म्हणते, "हा बघा. ठेवला."